कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप: फी बाकीची यादी ग्रुपवर का टाकायची नाही?

व्हिडिओ पाहिला असेल तर ही त्याची उजळणी, नसेल पाहिला तरी सगळं इथे आहे.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. समजा, कॉलेज ऑफिसने अशा ग्रुपवर फी बाकी असलेल्यांची यादी टाकली. नाव, वर्ग, मोबाईल नंबर, रक्कम. हेतू चांगला, काम झटपट. पण कुणीतरी ती पुढे पाठवतं आणि ती भामट्याच्या हाती लागते. मग मुलाला फोन येतो, "आज लिंकवर फी भरली नाहीस तर हॉल तिकीट मिळणार नाही." नाव बरोबर, रक्कमही बरोबर. मुलगा घाबरून भरून टाकतो.

यादी नंतर डिलीट करून उपयोग नाही. 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन दिवसच चालतं, आणि पुढे गेलेली कॉपी तशीच राहते. आपण दुकानदार उधारीची वही काउंटरवर उघडी ठेवतो का? तसंच हे.

नियम एकच: सगळ्यांचं ते ग्रुपवर, एकाचं ते त्याच्या एकट्याच्या चॅटवर.

स्टाफने करायचं
१. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा. तिथे फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील अशी सेटिंग करा. परीक्षेची तारीख गुड मॉर्निंगखाली गाडली जाणार नाही.
२. फी, मार्क, आजारपणाची रजा हे ज्याचं त्यालाच कळवा.
३. फी भरायचे अधिकृत मार्ग वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

विद्यार्थ्यांनी करायचं
१. पैसे मागणारा मेसेज आला की आधी ऑफिसात जाऊन विचारा. मेसेजमधल्या नंबरवर विचारू नका.
२. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. ओटीपी कुणालाच नाही, 'सर बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाही.
३. प्रायव्हसीत जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते ठरवा.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. लाजेपोटी थांबू नका. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

गृहपाठ: आपल्या ग्रुपचे मागचे ५० मेसेज वाचा. त्यातले एकाच माणसासाठी असलेले किती, ते मोजा. शिक्षकांनो, वर्गात दहा मिनिटांत होतं हे, नक्की करून घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!