हे माझे बाबा नाहीत

बायकोच्या आठवणींचे पुस्तक काढायची हौस माझी आणि घाईही माझीच. तिचे बालपण अमरावती जिल्ह्यातल्या, कपाशीच्या शेतांनी वेढलेल्या गावात गेले, मी पुण्याचा. ती दुपारी वहीत लिहायची, मी रात्री संगणकावर उतरवायचो आणि उतरवताना सुधारायचो. तिने लिहिले होते, ‘बाबा म्हणे, काहून रडून राहिली वो माय?’ मी केले, ‘वडिलांनी विचारले, बाळ, का रडतेस?’ छापील प्रत हाती आल्यावर तिने नेमके तेच पान काढले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अहो, हे माझे बाबा नाहीत.’’

आपल्या माणसाच्या लेखनाला हात लावायचा तर शुद्धलेखनापुरता लावा. संवादात तोही नको. शंका आली तर समासात पेन्सिलीने विचारा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचली जातात ती त्यांच्या बोलत्या भाषेमुळे, हे मी लोकांना सांगत आलो होतो. घरातल्या वहीपुढे मात्र ते विसरलो.

दुसरी चूक तांत्रिक, पण जिव्हारी लागणारी. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता. मांडणी करणाऱ्याने तो जुन्या फॉन्टमध्ये नेला आणि ‘वऱ्हाड’चे सगळीकडे ‘वर्हाड’ झाले. मी प्रुफे तपासली होती ती फॉन्ट बदलण्याआधीची. शेवटचे प्रूफ फॉन्ट बदलल्यानंतरचेच घ्या, कागदावर घ्या आणि लेखिकेला मोठ्याने वाचायला सांगा.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. पाचशे प्रतींचे निम्मे पैसे मी प्रकाशकाला तोंडी बोलण्यावर देऊन टाकले. विक्री कोण करणार, हे विचारलेच नाही. खोकी आमच्याच पलंगाखाली आली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशीच सोपवावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. करारावर सही लेखिकेची हवी, नवऱ्याची नव्हे. आयएसबीएनसाठी आमच्याकडून वेगळे पैसे घेतले गेले. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तिथे अर्ज करता येतो.

हे सगळे पैशांनी भरून निघाले असते. मेहुणीचे तसे नव्हते. तिचे ठरलेले लग्न मोडले, तो प्रसंग पुस्तकात होता. नाव बदलले होते, पण एवढ्याशा गावात नाव बदलून काय झाकणार? बायको म्हणाली होती, ‘‘तिला एकदा विचारू या.’’ मी म्हटले, छापून झाल्यावर देऊ, खूश होईल. त्या दिवाळीला ती आली नाही, पुढच्याही नाही.

आता दुसऱ्या आवृत्तीसाठी बायको वही वाचते आणि मी ऐकू येईल तसे टाइप करतो. गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची पाने घेऊन आम्ही दोघे मेहुणीकडे गेलो. तिने चष्मा लावून सगळे वाचले, एक परिच्छेद आडवा खोडला आणि समासात चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्यातही ‘काहून’ आहे.