उन्हाळी बसप्रवास : घामाचा हिशेब

बिकानेरहून जैसलमेरला जाणारा मार्ग फलोदी व पोखरणवरून जातो. अंतर सुमारे ३३० किलोमीटर. पाठीवर पिशवी टाकून मे महिन्यात साध्या बसने या वाटेला लागणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

उकडू लागताच खिडकी सताड उघडण्याची आपली सवय. परंतु त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून तप्त असेल तर वारा शरीरातील उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. मग आधार उरतो तो केवळ घामाच्या बाष्पीभवनाचा. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. मात्र कोरड्या झळांत तो इतक्या झपाट्याने सुकतो की सदरा भिजतच नाही, आणि घाम आलाच नाही असा प्रवाशाचा समज होतो. धोका आहे तो या समजात. तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे. खिडकीवर ओला पंचा बांधावा. वाळ्याचा पडदा घरी हेच काम करतो. जलसंजीवनीची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी, दाट करू नये.

सहप्रवासी असंबद्ध बोलू लागला व त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. बस थांबवून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.