सशांचें अंथरूण

ससा पाळण्याची हौस मुलांस उपजतच असते, असें म्हटलें तरी चालेल. पिंजरा कोठून आणावा, नांव काय ठेवावें, यांविषयीं घरोघर मोठा खल होतो; परंतु त्या प्राण्यानें बसावें व निजावें कशावर, याचा विचार क्वचितच कोणी करतो. बहुधा तळाशीं जाळी असलेला पिंजरा परसांत किंवा पडवीच्या टोकास ठेवून देतात, आणि मलमूत्र खालीं पडून जातें म्हणून मोठी सोय झाली असें मानतात. ही सोय माणसाची आहे, सशाची नव्हे.

कुत्र्यामांजरांच्या तळपायांस जशी गादी असते तशी सशाच्या पायांस नसते. तळव्यावर दाट केंस तेवढे असतात. तारेवर किंवा ओल्या फरशीवर तो रात्रंदिवस बसला म्हणजे टांचेजवळचे केंस झडतात, कातडी लाल होते व पुढें तेथें जखम पडते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरचा ससा चालेनासा झाला, तेव्हां त्याचा पाय मोडला असेंच सर्वांनीं धरिलें होतें. पशुवैद्यांनीं त्यास उताणा करून पाहिलें तों दोन्ही टांचा सोललेल्या! औषध तर लागलेंच. पण जाळीवर लांकडी फळी टाकून तीवर चार बोटें कोरडा पेंढा पसरला, तेव्हां कोठें कांहीं आठवड्यांनीं तो पुन्हां उड्या मारूं लागला.

पाळीव ससा हा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या देशांकडचा. तेथें तो जमिनींत बिळें खणून राहतो. आपल्या माळरानांतील ससा अगदीं निराळा. तो बीळ करीत नाहीं, गवतांतच दबून राहतो. (त्यास धरणें किंवा पाळणें हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें गुन्हा आहे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.) बिळांत राहणाऱ्या प्राण्यास कोरडी, काळोखी व वाऱ्याचा झोत न लागणारी जागा हवी. कोरडें अंथरूण असेल तर आपल्याकडची थंडी तो सहज सोसतो; ओल मात्र सोसत नाहीं.

अंथरुणाचीं कामें दोन : ओल शोषणें व ऊब देणें. दोन्ही कामें उत्तम करणारी एकच वस्तु आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून तळाशीं वर्तमानपत्राच्या जाड घड्या घालाव्या व वर पेंढा पसरावा. भाताच्या किंवा गव्हाच्या काडीच्या पोकळींत हवा कोंडून राहते, व तीच ऊब धरते. ज्वारीचा कडबा टणक असल्यानें पायांस टोंचतो, आणि गव्हाचा भुसा नाकांत जातो. वाळलेलें गवत सर्वांत मऊ. पण ससा तें खाऊन टाकतो. खाऊं द्यावें. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात व ते झिजण्यास गवतासारखें दुसरें साधन नाहीं.

लेवीयाच्या अकराव्या अध्यायांत सशाची गणना रवंथ करणाऱ्यांत केली आहे. गाईसारखें चार कप्प्यांचें पोट त्यास नाहीं खरें; तथापि एकदां पोटांतून गेलेल्या अन्नाच्या मऊ गोळ्या तो पुन्हां खातो, म्हणजे तेंच अन्न दोनदां पचवितो. असा हा सदा कांहीं तरी चघळणारा प्राणी! जें अंथरुणांत तें पोटांत, असें समजूनच चालावें. आणि सशास वांती होत नाहीं, हेंही विसरूं नये. जुनीं लुगडीं, गोणपाट, कापूस हीं मायेनें घातलेलीं अंथरुणें म्हणूनच घातक होतात. त्यांचे धागे आंतड्यांत अडकतात.

सुताराकडील भुसा फुकट मिळतो, म्हणून पुष्कळ पालक तो आणतात. त्यांत बारीक धूळ असते, कधीं वाळवीचें औषधही असतें. देवदारासारख्या सुवासिक लांकडाच्या भुशानें उंदरांच्या यकृताच्या कार्यांत फरक पडतो, असें १९६७ सालीं प्रयोगांतीं दिसून आलें. ते प्रयोग सशांवर नव्हते. तरी आम्ही तो भुसा वापरणार नाहीं.

मूत्र कुजलें म्हणजे अमोनिया वायु सुटतो व सशाच्या नाकाडोळ्यांस झोंबतो. उभें राहून हा वास कळत नाहीं. आपलें नाक अंथरुणाजवळ न्यावें. आपणांस जें तेथें क्षणभर सोसवत नाहीं, तें त्यास अष्टौप्रहर सोसावें लागतें. ससा बहुधा एकच कोपरा मूत्रासाठीं धरतो, सबब तेवढा भाग रोज काढणें कठीण नाहीं. घाण अंगास चिकटून राहिली तर माश्या तेथें अंडीं घालतात, दिवसाच्या आंत अळ्या होतात व त्या जिवंत मांस खातात. अशा वेळीं त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

खरी परीक्षा पावसाळ्यांत. कोंकणांत उडवींतला पेंढाही ओल धरतो. घेतांना मूठभर पेंढा चुरगाळून हुंगावा. कुबट वास आला, धूळ उडाली किंवा काळे ठिपके दिसले तर तो टाकून द्यावा. बुरशी आलेला पेंढा उन्हांत वाळविल्यानें निर्दोष होत नाहीं. उन्हाळ्यांत उलट अंथरूण पातळ करून एक बाजू शहाबादी फरशीची मोकळी ठेवावी.

मादी व्यावयाची असतां मात्र पेंढ्यास हात आखडूं नये. सुमारे ३१ दिवसांनीं ती विते. त्यापूर्वीं ती तोंडांत पेंढा धरून धरून कोपऱ्यांत नेते, आणि स्वतःच्या छातीपोटाचे केंस उपटून त्यांत आंत अस्तर घालते. पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. डोळे सुमारें दहाव्या दिवशीं उघडतात. आई दिवसांतून एकदोनदांच, तेंही कांहीं मिनिटें, पाजावयास येते. ती टाकून गेली असें समजून मुलें गाईच्या दुधाची धांवपळ करितात, ती करूं नये. उरलेल्या वेळीं पिलांस ऊब देतें तें हें घरटेंच. तें भिजलें तर कोरडा पेंढा घालावा, पण तिचे कोरडे केंस आधीं निराळे काढून ठेवावे व पिलांवर तेच पुन्हां पसरावे.