आधी झाडावर चढू द्या

प्रश्न : मुलीला बालपुस्तकांची चित्रकार व्हायचंय, पण ती सेमिनरी हिल्सच्या झाडीत भटकते, नाहीतर गोष्टी वाचत बसते. क्लास लावू का? – एक आई, नागपूर

उत्तर : ताई, एवढ्यात नको. झाडावर चढलेल्या मुलीला फांदी कुठे धरायची ते ठाऊक असतं, आणि चित्रात ते लगेच दिसतं. वाचनातून कळतं की गोष्टीतलं काय चित्राला द्यायचं, काय शब्दांवर सोडायचं. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ दाखवा. शब्द आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, हेही खरं; पण शिक्षणाची वेळ पुढे येईल. तोवर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, वही घेऊन जा. मोबाइलवरून नक्कल मात्र नको. शाळेतून चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊ द्या. पुढे नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे.