एसएमपीएस: दुरुस्त करावा की बदलावा?

आपल्याकडे कॉम्प्युटर चालू होईना की पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायवर, आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. उन्हाळ्याची धूळ, शेतीपंप सुरू झाले की पडणारं व्होल्टेज, गेलेली लाईट परत येतानाचा झटका, सगळं आधी तोच सोसतो.

लातूरला आमच्या दाजींचं टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. ऐन अ‍ॅडमिशनच्या गर्दीत तिथल्या एका मशीनचा एसएमपीएस गेला. दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून दाखवला: दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट थर. "काका, दोन कपॅसिटर टाकतो, पळतंय बघा." साडेतीनशे रुपयांत पळालंही. मी नांदेडहून गेलो तेव्हा काम चालू असताना मीटर लावला, तर पिवळ्या वायरवर 11.2 व्होल्ट. 12 च्या जागी 11.4 च्या खाली जायला नको. "दाजी, हा बदला," म्हटलं. "चालतंय की!" पोळ्याच्या सुमारास जळका वास आला आणि एसएमपीएसनं मदरबोर्ड, हार्ड डिस्क दोन्ही सोबत नेले. पोरांचे स्कॅन केलेले कागद त्या डिस्कवरच होते.

दोन कपॅसिटर फुगले म्हणजे बाकीच्यांनीही तेवढीच गर्मी खाल्लेली असते. फ्यूज उडाला असेल तर नुसता फ्यूज टाकून भागत नाही. आत बहुधा काहीतरी शॉर्ट असतं. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला, म्हणून एसएमपीएस ठीक, हेही खरं नाही. लोड आल्यावर काय होतं ते बघायचं.

मग दुरुस्ती कधी? पंखा अडकला असेल तर बेलाशक करा. ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपचा वेगळ्या मापाचा एसएमपीएस बाजारात मिळतच नसेल, तर जाणत्याकडून करून घ्या आणि लोडवर व्होल्टेज मोजूनच पैसे द्या. बाकी साध्या डेस्कटॉपला सरळ नवा बसवावा, पण नुसता डब्यावरचा वॅटचा आकडा बघून नाही. हातात हलका लागणारा स्वस्तातला 450 वॅटचा डबा तेवढं देईलच असं नाही. वॉरंटीचं पक्कं बिल घ्या.

घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज साठलेला असू शकतो. आणि नवा लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तेवढं तपासून घ्या.