काचेमागची बॅग

तळेगाव दाभाडे,
सोमवार

चि. मनूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी आंब्याच्या पेटीची चौकशी झाली, मग दादाच्या साखरेची, आणि फोन ठेवता ठेवता तिने सांगितलं की शनिवारी तू पवनेकाठी तंबूत राहायला गेली होतीस आणि ऑफिसचा लॅपटॉप बरोबर होता. रविवारी तुम्ही लोहगड चढलात तेव्हा तो खाली लोहगडवाडीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर. वहिनीची तक्रार एवढीच, की तू रेनकोट नेला नाहीस. मला मात्र रात्रभर ती मागची सीट दिसत राहिली. सगळा जन्म विम्याच्या दाव्यांत गेलेल्या बाईची झोप अशाच गोष्टींनी उडते.

तू म्हणशील, "आत्या, लॅपटॉपचा विमा कंपनीने उतरवलाय." उतरवला असेलच. पण त्या पॉलिसीवर नाव कंपनीचं आहे, तुझं नाही. भरपाई मिळाली तर कंपनीला, आणि नाही मिळाली तर कंपनी तुझ्याकडे बघणार. रुजू होताना लॅपटॉप ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही केलीस, तो वाचलास का? हवाली केलेली वस्तू नोकराच्या निष्काळजीपणाने हरवली तर तिची किंमत पगारातून कापता येते. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, एवढंच. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. आणि "मी किल्ल्यावर होते, बॅग सीटवर होती" हे म्हणणं ऐकायला कसं वाटेल, तूच सांग.

इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसीत ठिकाणाचा एक रकाना असतो. तिथे साधारणपणे ऑफिसच्या इमारतीचा पत्ता लिहिलेला असतो. वस्तू बाहेर न्यायची तर वेगळं जोडपत्र लागतं, त्याचा हप्ताही वेगळा. टाळेबंदीनंतर काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांची घरं त्यात आणली, पण पवनेकाठचा तंबू हे ना ऑफिस, ना घर. शिवाय चोरीच्या कलमात बहुतेक वेळा बळजबरीने आत शिरल्याची खूण मागतात. तंबूला चेन असते, कुलूप कुठलं? गाडीचं म्हणशील तर दारं बंद, काचा वर आणि वस्तू डिकीत, बाहेरून न दिसणारी, असं असेल तर निदान भांडता तरी येतं. मागच्या सीटवर दिसणारी बॅग म्हणजे सर्व्हेअरच्या हाती आयतं कोलीत.

दादाच्या गाडीच्या विम्यावरही विसंबू नकोस. काच फुटली तर काचेचे पैसे मिळतील. काचेमागच्या बॅगेचे नाहीत, त्याला वेगळं जोडकलम घ्यावं लागतं आणि दादाने ते घेतलेलं नाही. पॉलिसीचं नूतनीकरण मीच करते, मला ठाऊक आहे. घराचा विमा घरातल्या सामानाचा. आणि समज, सगळं जुळून दावा मंजूर झाला, तरी वस्तू पूर्णच गेली असेल तर जुन्या लॅपटॉपला घसारा कापूनच पैसे येतात, वर पहिली ठरावीक रक्कम विमेदाराने सोसायची. तो फरक कोण भरणार?

लग्नाचे फोटो काढणारा कामशेतकडचा एक गृहस्थ माझ्याकडे आला होता, फार वर्षांपूर्वी. कॅमेऱ्याचा विमा स्टुडिओच्या पत्त्यावर. मेहुण्याच्या पोरांना घेऊन भुशी धरणावर गेला, गळ्यातला कॅमेरा पाण्यात पडला. पॉलिसी विकताना त्याला कुणी विचारलं नव्हतं की कॅमेरा स्टुडिओबाहेर जातो का. लग्नं काय स्टुडिओत लागतात? पण फायलीवर बसलं ते कलमच. दावा नामंजूर.

म्हणून सांगते, उद्या ऑफिसात एक साधा मेल टाक: सुट्टीत, खासगी सहलीला लॅपटॉप नेला तर विमा लागू आहे का, कुठल्या अटींवर. उत्तर लेखी घे. तोंडी "काय नाय होत" म्हणणारा मॅनेजर पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलेला असतो.

खरं तर तो नेतेसच कशाला, हे विचारायचा मला अधिकार नाही. माझी एकवीरेची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, दादा अजून चेष्टा करतो. तो तेव्हा कॉलेजात. आईला चैत्रात दर्शनाला न्यायचं ठरलं आणि माझ्या पिशवीत मार्चअखेरच्या फायली. कार्ल्याच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसले आणि म्हटलं, तुम्ही या जाऊन, मी पिशवी सांभाळते. ऑफिसचे कागद, हरवले तर? पुढच्या चैत्रापर्यंत आईचे गुडघे गेले. तिच्याबरोबर त्या पायऱ्या चढायच्या राहिल्या त्या राहिल्याच. फायली कुणाच्या होत्या, आज एक नाव आठवत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. आज सकाळी दादाचा फोन आला. वहिनीला तू सांगितलं नाहीस, त्याला तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडून कळलं. शनिवारी रात्री वळीव आला, तंबू आडवे झाले, सगळे गाडीकडे पळाले आणि तू अंधारात, पाण्याच्या बाजूला, बॅग आणायला परत गेलीस. खरं का गं?

३० जून २०२४ ला भुशीच्या वरच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला इथे, माझ्या घरापासून जवळच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. पूल पडला त्या दिवशी तासभर तुझा फोन लागत नव्हता. तू हिंजवडीत झोपली होतीस, आणि मी इथे देवासमोर बसले होते. हे तुला कधी सांगितलं नाही.

वर एवढी कलमं लिहिली ती सगळी बाजूला ठेव. बॅग गेली तर जाऊ दे. त्याच रात्री ऑफिसला कळव, म्हणजे ते लांबूनच लॅपटॉप बंद करतील. जवळ जे पोलीस ठाणं असेल तिथे तक्रार दे. तळेगाव पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये, म्हणून "आमची हद्द नाही" ऐकावं लागेल. तेव्हा नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांग. हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यावंच लागतं. घाबरून "घरातून चोरीला गेला" असं मात्र सांगू नकोस, खोटा दावा सगळंच बुडवतो. आणि पगारातून कापले तर मला सांग. पेन्शन येतं मला, दादाला कळूही देणार नाही. सीटवरून ओरडले ते मनावर घेऊ नकोस.

पुढच्या वेळी गाडी नकोच. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकड, तळेगावला उतर, बॅग माझ्या कपाटात टाक. माझा पत्ता काही तुमच्या पॉलिसीत नसणार, पण कुलूप गोदरेजचं आहे आणि राखणीला मी आहे. आंबोळ्या खा, मग पुढच्या लोकलने मळवलीला जा, लोहगड कर, भाजे कर, कुठे हवं तिथे जा. परत येताना माझ्याकडेच उतर, कितीही उशीर झाला तरी. मी जागीच असते.

तुझी,
आत्या