घरातले ‘औषध’ आणि मुलांची घटकाभराची निराशा

काही वर्षांपूर्वी दहावीच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी एका मुलीला माझ्या दवाखान्यात आणले. फवारणीचे औषध तिच्या पोटात गेले होते. लगेच जिल्हा रुग्णालयात हलविल्याने ती वाचली. नंतर ती म्हणाली, “बाटली समोर नसती तर रडून झोपले असते.” वडील मान खाली घालून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मागच्या हंगामातली उरलेली होती. टाकवली नाही.”

पुष्कळ पालक म्हणतात, “ज्याला जीव द्यायचा तो कसाही देणार.” हा समज चुकीचा आहे. कोवळ्या वयात हा विचार बऱ्याचदा एकाएकी उसळतो आणि काही वेळाने ओसरतो. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाती लागली नाही, तर मूल वाचू शकते. वाचलेली बहुतेक माणसे पुढे आपले आयुष्य जगतात.

श्रीलंकेचे उदाहरण पाहा. तेथे १९९५ व १९९८ साली अतिजहाल कीटकनाशकांवर निर्बंध आले आणि २००५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. मात्र तेथील खेड्यांत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, तेव्हा विषबाधा कमी झाल्या नाहीत, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याचा अर्थ कुलूप नको असा नाही. नुसत्या कुलपावर विसंबू नये, एवढाच.

पालकांनी पुढील दक्षता घ्यावी :

१) कीटकनाशक लागेल तेवढेच आणावे. घरात साठा नको. उरले तर काय करावे, हे कृषी सहायकांना विचारावे. ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नये.

२) थोडे ठेवणे भागच असेल, तर राहत्या घराबाहेर कुलपात ठेवावे. किल्ली एकाच मोठ्या माणसाजवळ असावी.

३) उंदरांसाठी विषाऐवजी पिंजरा वापरावा.

४) आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्याही कुलपात ठेवाव्यात. थोड्या दिवसांच्याच द्या, असे डॉक्टरांना सांगावे.

५) निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये. त्या दिवशी रागावणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे टाळावे.

मूल जेवेनासे झाले, कोणात मिसळेनासे झाले, आवडीच्या वस्तू वाटू लागले किंवा “मी नसलो तर बरे” असे म्हणाले, तर ते नाटक समजू नये. जवळ बसवून सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाचे ओझे हलके होते. अशा वेळी त्याच्या सोबत राहावे व डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते.

दुर्दैवाने विष पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. पोलिसांच्या भीतीने वेळ दवडू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला शिक्षेऐवजी उपचार देण्याची भूमिका घेतली आहे.

ती मुलगी पुढे परिचारिका झाली. तिच्या घरी आता औषधाची बाटली राहत नाही. वाचकहो, आज संध्याकाळी आपापल्या घराचे कोनाडे, फळ्या आणि पोटमाळा एकदा पाहून घ्या.